कुंपणाची राखण

20 ऑगस्ट 1991 च्या रात्री एस्टोनियाने सोव्हिएत संघातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं, तेव्हा मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धचं बंड चालू होतं आणि रणगाडे तालिनच्या वेशीवर आले होते. देशाची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढी. बंड फसलं, स्वातंत्र्य टिकलं आणि लगोलग प्रश्न उभा राहिला तो मालमत्तेचा. 1940 साली सोव्हिएत फौजा आल्यावर जमिनी, घरं, कारखाने सरकारजमा झाले होते. मार्च 1949 मध्ये तर वीस हजारांवर माणसं अवघ्या काही दिवसांत आगगाड्यांत भरून सैबेरियाकडे धाडली गेली. त्यांच्या घरांत दुसरेच लोक राहायला आले. 16 जून 1940 या दिवशी जी मालमत्ता ज्याची होती, ती त्याला किंवा त्याच्या वारसांना परत द्यायची, असं धोरण 1991 च्या जूनमध्येच ठरलं होतं.

ठरवणं सोपं होतं, सिद्ध करणं कठीण. पन्नास वर्षांपूर्वीच्या जमिनीच्या नोंदी अभिलेखागारांतून शोधून काढायच्या, नसतील तर साक्षीदार शोधायचे. आजोबांचं नाव एखाद्या जीर्ण नोंदवहीत सापडलं म्हणून शेत परत मिळालं, असा अनुभव एका अख्ख्या पिढीने घेतला. पुढे हाच देश सरकारी नोंदींच्या सुरक्षिततेचा जगभरचा दाखला ठरला. त्याचं श्रेय सहसा संगणकाला दिलं जातं. मला त्याची सुरुवात या नोंदवह्यांत दिसते. सत्ता बदलली की कागद बदलतात, हे त्या लोकांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, भोगलेलं होतं.

नवं सरकार तरुण होतं आणि तिजोरी रिकामी. फिनलंडने आपलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज फुकट देऊ केलं आणि एस्टोनियाने ते नाकारून थेट डिजिटल यंत्रणा घेतली, अशी एक गोष्ट तिथे कौतुकाने सांगितली जाते. फेब्रुवारी 1996 मध्ये राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेणारी 'टायगर लीप' योजना जाहीर केली. तिच्यामागे तूमास हेन्ड्रिक इल्वेस आणि याक आविक्सू हे दोघे होते. ही नावं पुढे पुन्हा येणार आहेत. 2000 साली डिजिटल सहीला हातच्या सहीचा दर्जा देणारा कायदा झाला. 2001 मध्ये सरकारी खात्यांचे संगणक एकमेकांशी बोलायला लावणारी 'एक्स-रोड' ही यंत्रणा सुरू झाली, 2002 मध्ये चिप असलेलं ओळखपत्र आलं आणि 2005 च्या स्थानिक निवडणुकीत लोकांनी घरी बसून इंटरनेटवरून मतदान केलं.

एक्स-रोडचं वैशिष्ट्य असं, की सगळी माहिती एका जागी गोळा करायची नाही. आरोग्याची आरोग्य खात्याकडे, जमिनीची जमीन खात्याकडे. ज्याला जेवढी लागेल तेवढी त्याने सही-शिक्क्यानिशी मागून घ्यायची. गरिबीचा हा एक फायदा म्हणायचा. मोठं केंद्रीय यंत्र उभं करायला पैसेच नव्हते.

हळूहळू कागद मागे पडत गेला. 2010 च्या जूनपासून देशाचं राजपत्रही छापील निघायचं बंद झालं. कायद्याचा अधिकृत मजकूर कोणता, तर संगणकावर आहे तो. मग त्या संगणकाची देखभाल करणाऱ्यानेच एखाद्या कलमातला एक शब्द बदलला तर? मृत्युपत्रातलं नाव, रुग्णाचा रक्तगट, न्यायालयाच्या आदेशाची तारीख बदलली तर? बाहेरच्या चोरासाठी कुलपं, पासवर्ड, पहारे असतात. सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याचं काय? कुंपणच शेत खायला लागलं तर दाद मागायची कुणाकडे, हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. शिवाय संगणकात खाडाखोड दिसत नाही. कागदावर खरवडलेली शाई उजेडात धरली की कळते. बदललेली फाइल पहिल्यासारखीच कोरी करकरीत दिसते, आणि नोंदी कुणी कधी बदलल्या हे सांगणारी यादीसुद्धा त्याच माणसाच्या ताब्यात असते.

या प्रश्नाचं उत्तर तालिनमध्ये शोधलं गेलं, पण त्याचा पाया अमेरिकेत घातला गेला होता. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथे एक वैज्ञानिक वाद गाजत होता. एका नोबेल विजेत्याच्या सहलेखिकेवर प्रयोगाच्या वहीतले आकडे मागाहून घातल्याचा आरोप झाला, आणि वहीची शाई, कागद, छापील पट्ट्या तपासायला थेट सीक्रेट सर्व्हिसचे तज्ज्ञ बोलावले गेले. (पुढे 1996 मध्ये त्या बाई निर्दोष ठरल्या.) बेलकोर या संशोधन संस्थेतल्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांना त्यातून एक कोडं पडलं. उद्या वह्या संगणकात गेल्या की तपासायला शाईच उरणार नाही, मग काय करायचं? 1991 साली त्यांनी आपलं उत्तर प्रसिद्ध केलं.

उत्तराचा गाभा 'हॅश' नावाच्या गणिती क्रियेत आहे. कोणताही मजकूर, मग तो दोन ओळींचा असो की दोन हजार पानांचा, या क्रियेत घातला की ठरावीक लांबीचा एक ठसा बाहेर पडतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तो 64 अक्षरा-आकड्यांचा असतो. मजकुरातला एक स्वल्पविराम हलवला तरी ठसा पार वेगळा येतो, आणि ठशावरून मजकूर ओळखता येत नाही. हेबर-स्टॉर्नेटा यांनी असे ठसे एकमेकांत गुंफले. प्रत्येक नव्या ठशात आधीच्या ठशाचा अंश मिसळायचा. मधला एक दाखला बदलायचा तर त्यापुढची सगळी साखळी बदलावी लागेल.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. शिवकालीन, पेशवेकालीन पत्रांत मजकूर जिथे संपे तिथेच मोर्तब उमटवत, म्हणजे खाली कुणी चार ओळी वाढवायची सोय नाही. लांब पत्राला कागदाचे बंद एकमेकांना चिकटवत आणि जोडावर मागच्या बाजूने शिक्का मारत. अर्धा या बंदावर, अर्धा त्या बंदावर. मधला बंद काढून दुसरा घातला की शिक्का जुळत नसे. हॅशची साखळी म्हणजे हाच जोडावरचा शिक्का, फक्त लाकूड किंवा धातूऐवजी गणिताचा.

तरी एक भोक राहतंच. शिक्का ज्याच्याकडे, तो सगळी साखळी पहिल्यापासून नव्याने गुंफू शकतो. त्यावर अमेरिकेतल्या या दोघांनी काढलेला तोडगा साध्या माणसालाही पटेल असा होता. त्यांच्या श्युरिटी या कंपनीने 1995 पासून आठवड्याभराच्या सगळ्या ठशांचा मिळून एक ठसा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. हरवलं-सापडलंच्या रकान्यात अर्थहीन अक्षरांची एक ओळ! पण ती लाखो घरांत, शेकडो वाचनालयांत पोचली. साखळी बदलायची तर ते सगळे अंकही बदलून आणावे लागणार. अशाच साखळीवर चालणाऱ्या बिटकॉइन या डिजिटल चलनाचा जन्म अजून तेरा वर्षं दूर होता. 2008 च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोटो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात दिलेल्या आठ संदर्भांपैकी तीन हेबर-स्टॉर्नेटा यांचे होते.

तालिनमध्ये हा धागा उचलला आह्तो बुल्दास या गणितज्ञाने. डिजिटल सही कायद्याने मान्य करायची तर ती कधी केली हेही पक्कं सांगता आलं पाहिजे, या गरजेतून एस्टोनियात कालमुद्रेचं संशोधन 1990 च्या दशकातच सुरू झालं होतं. 1998 मध्ये बुल्दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा साखळी गुंफण्याच्या सुधारित पद्धतीवरचा निबंध क्रिप्टोग्राफीच्या प्रतिष्ठित परिषदेत आला. पुढे मॅर्त सारेपेरा यांच्यासोबत त्यांनी हे काम वाढवलं आणि त्यातून गार्डटाइम ही कंपनी निघाली. ती सुरू होत होती, त्याच सुमारास देशावर संकट आलं.

तालिनच्या मध्यवस्तीत 1947 पासून सोव्हिएत सैनिकाचा एक कांस्य पुतळा उभा होता. देशातल्या रशियन भाषकांना, म्हणजे चारातल्या एकाहून जास्त लोकांना, तो नाझींवरच्या विजयाचं स्मारक वाटे. बहुतेक एस्टोनियन लोकांना गुलामगिरीची खूण. पंतप्रधान आन्द्रुस आन्सिप यांच्या सरकारने तो लष्करी दफनभूमीत हलवायचं ठरवलं. 26 एप्रिल 2007 च्या संध्याकाळी निदर्शनं चिघळली, दुकानं फुटली, एक जण मारला गेला, शेकडोंना अटक झाली. 27 च्या पहाटे पुतळा उचलला गेला. आणि रस्ते शांत होऊ लागले तसे संगणक बसू लागले.

पंतप्रधान कार्यालय, संसद, मंत्रालयं, वृत्तपत्रं, बँका, सगळ्यांच्या संकेतस्थळांवर बनावट मागण्यांचा पूर लोटला. जगभरचे हजारो संगणक, त्यांच्या मालकांच्या नकळत, तालिनच्या दारावर एकदम थापा मारत होते. 'पोस्टिमेस' या मोठ्या दैनिकाने अखेर परदेशातून येणारी वाहतूकच तोडली. आपलं संकेतस्थळ देशात दिसत राहावं म्हणून जगाला आपली बाजू सांगणं सोडून द्यावं लागलं. संगणक आपत्कालीन पथकाचे प्रमुख हिलार आरेलाईद पूर्वी पोलिस खात्यात होते. त्यांनी बँका आणि इंटरनेट कंपन्यांतल्या ओळखीच्या तंत्रज्ञांची फळी उभी केली. योगायोगाने इंटरनेटचं जाळं चालवणाऱ्या युरोपीय तज्ज्ञांची परिषद मे महिन्यात तालिनलाच होती, त्यांचीही मदत झाली. 9 मे, रशियाचा विजय दिन. त्याच्या आदल्या रात्री मॉस्कोत बाराचे ठोके पडले आणि हल्ल्याने उसळी घेतली. 10 मे रोजी देशातल्या सर्वांत मोठ्या हान्सापँकला तासाहून अधिक काळ इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. जवळपास तीन आठवड्यांनी पूर ओसरला.

संशय रशियावर होता आणि आहे. मॉस्कोने हात झटकले आणि तपासात सहकार्य केलं नाही. शिक्षा झाली ती तालिनच्याच एका विद्यार्थ्याला, 17,500 क्रून दंडाची. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष होते टायगर लीपवाले इल्वेस, आणि संरक्षणमंत्री आविक्सू. ज्यांनी देशाला संगणकावर बसवलं, त्यांच्याच काळात त्या संगणकांवर घाव पडला. पुढल्या वर्षी नाटोचं सायबर संरक्षण केंद्र तालिनमध्ये आलं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण एस्टोनियाच्या बहुतेक गौरवगाथांत तो आढळतो. 2007 मध्ये हल्ला झाला म्हणून एस्टोनियाने ब्लॉकचेन, म्हणजे अशी गुंफलेल्या ठशांची साखळी, आणली, असं सरसकट सांगतात. पण तो हल्ला दार अडवण्याचा होता. आत शिरून नोंदी बदलण्याचा नव्हता, आणि दार अडवणाऱ्याला कुठलीही ब्लॉकचेन हटवू शकत नाही. त्या तीन आठवड्यांनी सरकारला जे शिकवलं ते वेगळं. आपण कागद सोडून दिला आहे आणि शेजारी मोठा आहे. आज दार अडवलं, उद्या कुणी गुपचूप आत येऊन किंवा आतल्यालाच फितवून नोंदी बदलल्या तर आपल्याला कळेल तरी का? माझा रक्तगट कुणाला कळला तर बिघडत नाही, कुणी तो बदलला तर जीव जाईल, अशा आशयाचं उदाहरण इल्वेस पुढे भाषणांतून देत असत. गुप्ततेपेक्षा अस्सलपणाची चिंता मोठी, हा विचार सरकारात मुरला तो या काळात.

2008 पासून एस्टोनिया सरकारने गार्डटाइमच्या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या आणि 2012 मध्ये ती प्रत्यक्ष कामाला लावली; सुरुवात झाली वारसा नोंदवहीपासून. पुढे आरोग्य, मालमत्ता, कंपन्या, न्यायालयीन प्रकरणं, राजपत्र अशा नोंदी तिच्या कक्षेत आल्या.

काम चालतं ते असं. समजा डॉक्टरने एक नोंद केली. ती नोंद रुग्णालयाच्या यंत्रणेतून बाहेर जात नाही; जातो तो फक्त तिचा ठसा. त्या सेकंदात आलेल्या सगळ्या ठशांच्या जोड्या लावल्या जातात, दोन ठशांचा मिळून एक, अशा दोघांचा मिळून आणखी एक, असं करत करत शेंड्यावर एकच ठसा उरतो. दर सेकंदाचा असा एक ठसा कालक्रमाच्या साखळीत ओवला जातो. डॉक्टरच्या नोंदीला मात्र परत मिळते एक पावती, तिच्या ठशापासून शेंड्यापर्यंतचा मार्ग सांगणारी. आणि साखळीचा एकत्रित ठसा ठरावीक काळाने वर्तमानपत्रात छापला जातो. लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'मध्येही. वीस वर्षांनी कुणी नोंदीबद्दल शंका घेतली, तर नोंद, पावती आणि जुना अंक एवढ्यावर निवाडा होतो. कंपनी बुडालेली असली, अधिकारी निवृत्त झालेला असला, सरकार बदललेलं असलं तरी.

हे बिटकॉइनसारखं नाही. इथे नाणं नाही, वीज जाळणारी शर्यत नाही, कुणीही यावं आणि साखळीत भर घालावी असा खुला बाजार नाही. सुरुवातीला याला ब्लॉकचेन म्हणतही नसत. तो शब्द जगाच्या तोंडी बसल्यावर पाटी बदलली. त्यामुळे काही तज्ज्ञ आजही याला ब्लॉकचेन मानत नाहीत. भर म्हणजे एक्स-रोडच ब्लॉकचेनवर चालतो अशी आवई जगभर उठली आणि 2018 मध्ये तो सांभाळणाऱ्या संस्थेला, एक्स-रोडमध्ये ब्लॉकचेन नाही, असा जाहीर खुलासा करावा लागला. नावाचा वाद तज्ज्ञांनी घालावा. सामान्य नागरिकाला महत्त्वाचं एवढंच, की कुंपणावर राखण बसली, आणि ती राखण सरकारच्या एकट्याच्या हातात राहिली नाही.

दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते, पण तिची चर्चा कमी होते. एस्टोनियाचा नागरिक सरकारी पोर्टलवर जाऊन आपली माहिती कुठल्या कार्यालयाने कधी पाहिली हे वाचू शकतो. आरोग्याच्या यंत्रणेत कुणी काय उघडलं याच्या नोंदींवरही साखळीचा शिक्का असतो, म्हणजे चोरून पाहणाऱ्याला नंतर आपली पावलं पुसता येत नाहीत. कामाशिवाय दुसऱ्याच्या नोंदीत डोकावणाऱ्या कर्मचाऱ्यांवर तिथे कारवाया झाल्या आहेत. तंत्रज्ञान इथे लोकांच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभं राहतं, आणि तेही कायद्याने माहिती पाहण्याचा हक्क दिला म्हणून.

2017 हे वर्ष कसोटीचं ठरलं. त्या जूनमध्ये एस्टोनियाने लक्झेंबर्गशी करार करून तिथल्या बेट्झडॉर्फमध्ये 'डेटा दूतावास' उभारायचं ठरवलं: लोकसंख्या, जमीन, कंपन्या, राजपत्र अशा महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती परक्या भूमीवर, पण राजदूतावासासारखं कायद्याचं संरक्षण घेऊन. देश पुन्हा गिळला गेला तरी नोंदी राहाव्यात! 1940 विसरलेलं नव्हतं. पुढे ऑगस्टच्या अखेरीस वेगळीच बातमी येऊन धडकली. झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या संशोधकांना ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला होता. पुरेसा खर्च केला तर कार्डाच्या सगळ्यांना दिसणाऱ्या उघड किल्लीवरून सही करणारी गुप्त किल्ली काढता येणार होती. सुमारे साडेसात लाख कार्डं, म्हणजे निम्म्याहून अधिक देश. पंतप्रधान यूरी रातास यांनी 5 सप्टेंबरला ते जाहीर सांगून टाकलं, महिन्याभरावर निवडणुका आलेल्या असताना. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोष असलेली प्रमाणपत्रं बंद केली गेली आणि लोकांनी ती घरबसल्या किंवा रांगा लावून बदलून घेतली. हॅशचे शिक्के अशा गुप्त किल्लीवर अवलंबून नसल्याने जुन्या नोंदींच्या साखळीला या दोषाने धक्का लागला नाही. पण कार्डांचं दुखणं साखळीने बरं केलं नाही, तेही खरं.

2021 च्या जुलैत तर एकाने सरकारी यंत्रणेतल्या त्रुटीचा फायदा घेऊन नागरिकांची 2,86,438 ओळखपत्र-छायाचित्रं उतरवून घेतली. साखळी होती, तरी चोरी झाली. शिक्का पाकिटावर असला म्हणून पाकीट चोरीला जायचं थांबत नाही. आतला मजकूर बदलला की नाही, तेवढंच शिक्का सांगतो. सरकारी माहितीच्या 'सुरक्षेसाठी' ब्लॉकचेन, असं मोघम बोलणाऱ्यांनी हा फरक पहिल्यांदा ध्यानात घ्यावा.

दरम्यान ब्लॉकचेनची लाट जगभर पसरली होती, आपल्याकडेही आली. आंध्र प्रदेशाने 2017 मध्ये जमीन नोंदींच्या प्रयोगासाठी एका स्वीडिश कंपनीला सोबत घेतलं. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातीच्या 65,000 दाखल्यांसाठी पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीचा वापर करण्याचा प्रकल्प आला. बनावट दाखल्यांनी खऱ्या लाभार्थ्यांचा हक्क मारला जातो, त्यावरचा हा उपाय. 4 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने 'विश्वस्य' ही ब्लॉकचेन सेवा सुरू केली. तिचा पसारा भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या सरकारी डेटा केंद्रांत आहे.

यातून किती साधेल? एस्टोनियाचा अनुभव असा, की साखळी आली ती सर्वांत शेवटी. आधी नोंदी दुरुस्त झाल्या, डिजिटल सहीचा कायदा झाला, प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र गेलं, माहिती पाहण्याचा हक्क मिळाला. मग त्यावर शिक्का बसला. सातबारावर मुळातच चुकीचं नाव चढलेलं असेल, फेरफार पैसे घेऊन झालेला असेल, तर ब्लॉकचेन ते चुकीचं नाव तितक्याच इमानाने जपेल, आणि वर ते अस्सल असल्याची पावतीही देईल. तेव्हा एखाद्या खात्याने आपल्या नोंदी आता ब्लॉकचेनवर असल्याचं जाहीर केलं, की वाचकहो, दोन गोष्टी जरूर विचारा. साखळीचा ठसा त्या खात्याच्या हाताबाहेर, सगळ्यांना पाहता येईल असा कुठे ठेवला आहे? आणि माझी नोंद कुणी उघडली, हे मला घरबसल्या दिसणार आहे का?